आडजागी राहायला गेल्यावर कॅमेरा कोणता: फिल्म की डिजिटल?

जवळची लॅब दिवसभराच्या प्रवासावर, टपाल आठवड्यातून एकदा, वीज येईल तेव्हा आपली. अशा जागी बिऱ्हाड हलवलं की फिल्म आणि डिजिटलबद्दल शहरात रंगणारे वाद फारसे कामाचे राहत नाहीत. तिथे वाद असतो तो ग्रेनचा (फिल्मवरच्या दाणेदारपणाचा), रंगांचा, चित्राच्या पोताचा. इथे सगळं पुरवठ्यावर येऊन ठेपतं. शटर दाबल्यापासून फोटो डोळ्यांसमोर येईपर्यंत मध्ये काय काय लागतं आणि त्यातलं किती आपल्या घरात आहे, यावर निवड ठरते.

फिल्मला पाणी, अंधार, रसायनं आणि धीर लागतो. डिजिटलला वीज, साठवण आणि काही बिघडलं तर सर्व्हिस सेंटरपर्यंतची वाट. दोन्हीकडे कॅमेरा हा भाग सगळ्यात कमी अडचणीचा असतो. अडतं ते त्याच्या मागच्या साखळीत, म्हणून तुलनाही तिचीच करायला हवी.

कृष्णधवल फिल्म: वर्षाचा शिधा

आधी एक गोष्ट गृहीत धरू: आडजागी फिल्म वापरायची तर ती घरीच धुवायची. रोल टपालाने लॅबला पाठवून निगेटिव्ह परत मागवता येतात, पण त्यात तीन धोके एकाच पाकिटात जातात. एक उष्णता, दुसरा विलंब, तिसरा एक्स-रे. सामान तपासणीची नवी सीटी स्कॅनर यंत्रं कुठल्याही आयएसओची (उजेडाला फिल्म किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) न धुतलेली फिल्म खराब करू शकतात. पाकिटावर ‘एक्स-रे करू नये’ असं ठळक लिहिलं तरी ते कोणी वाचेलच याची खात्री नाही. धुतलेल्या निगेटिव्हला मात्र एक्स-रेचं भय नसतं. घरी धुऊन मग निगेटिव्ह कुठेही पाठवा.

घरी धुणं ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही. आठवड्याला दोन रोल धरले तर वर्षाला १०४ होतात. ३०.५ मीटरच्या मोठ्या डब्यातून ३६ फ्रेमचे साधारण १८ रोल निघतात, म्हणजे असे सहा डबे, एक बल्क लोडर (डब्यातली फिल्म कॅसेटमध्ये भरायचं साधन) आणि पुन्हा वापरता येणाऱ्या पंधरा-वीस रिकाम्या कॅसेट पुरतात. हाताने भरलेल्या कॅसेटमध्ये शेवटच्या एक-दोन फ्रेमवर उजेड पडलेला असतो, कारण फिल्मचं टोक स्पूलला चिकटवताना ते उघड्यावर असतं. मोलाचा फोटो छत्तिसाव्या फ्रेमसाठी राखून ठेवू नका.

रसायनांत निवड करताना शक्य तिथे पावडर घ्या. द्रव बाटल्या फुटतात, गळतात आणि हवाई टपालात अडवल्या जातात. आयडी-११ किंवा डी-७६ हे पावडरचे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारी रसायनं, दशकानुदशकं वापरात आहेत. डी-७६ कोडॅकने १९२७ मध्ये आणला. एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म आयडी-११ मध्ये एकास एक पाणी घालून २० अंश सेल्सियसला १३ मिनिटं धुतात. एका रोलला १५० मिलि मूळ द्रावण लागतं, म्हणजे लिटरमागे सहा रोल. पाच लिटरचं पाकीट कालवलं तर ते लिटर-लिटरच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची बाटली सहा महिने टिकते. अर्धी रिकामी झाली की तिचं आयुष्य महिन्यावर येतं, कारण वरची हवा डेव्हलपर खाऊन टाकते. बाटलीत काचेच्या गोट्या टाकून द्रावणाची पातळी वर आणण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे.

डेव्हलपर द्रवच घ्यायचा असेल तर एकच: रोडिनल. १८९१ मध्ये पेटंट झालेला हा डेव्हलपर उघड्या बाटलीत काळपट तपकिरी होतो आणि तरीही वर्षानुवर्षं काम करतो. एकास पन्नास प्रमाणात एचपी५ प्लसला ११ मिनिटं लागतात. दर रोलला किमान ६ मिलि, सुरक्षित राहायचं तर १० मिलि मूळ द्राव मोजा. त्या हिशेबाने अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० रोल होतात. ४०० आयएसओच्या फिल्मवर ग्रेन खरखरीत येतो, ते ज्याला चालत नाही त्याने पावडरच धरावी.

स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण किंवा नुसतं पाणी पुरतं. फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या द्रावणात, मात्र कंजुषी नको. रॅपिड फिक्सर एकास चार प्रमाणात कालवला की एका लिटरमध्ये २४ रोल होतात. म्हणजे एक लिटर मूळ द्रावाचे पाच लिटर होऊन १२० रोल निघतात आणि वर्ष सुटतं. फिक्सर थकला का हे ओळखायला फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाका. दुधाळ तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ त्या तुकड्यालाच लागू लागला, की फिक्सर काढून टाका.

आता पाणी. वाहत्या नळाखाली दहा मिनिटं रोल धुवायची चैन इथे नाही. इल्फर्डने सुचवलेली पद्धत तीन पाण्यांत काम संपवते. टँक (फिल्म धुवायचा उजेडबंद डबा) भरून पाच वेळा उलटासुलटा करा, पाणी ओता. पुन्हा भरून दहा वेळा, मग पुन्हा भरून वीस वेळा. कडक न करणाऱ्या, म्हणजे हार्डनर नसलेल्या फिक्सरनंतर एवढं पुरतं. ३५ मिमीच्या एका रोलला पॅटर्सन टँकमध्ये २९० मिलि द्रावण लागतं. डेव्हलपर, स्टॉप, तीन पाणी आणि शेवटचं खळबळणं धरून रोलमागे पावणेदोन-दोन लिटर. हे शेवटचं पाणी तेवढं पावसाचं किंवा डिस्टिल्ड ठेवा आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी डाग न ठेवता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाका. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार निगेटिव्हवर वाळून पांढरे डाग बसतात. ते नंतर पुसायला गेलं की ओरखडे पडतात.

वापरलेल्या फिक्सरचं काय करायचं हे आधीच ठरवा. त्यात विरघळलेली चांदी असते. सेप्टिक टँकमध्ये ओतला तर तिथले जिवाणू मरतात, ओढ्यात ओतला तर त्याहून वाईट. झाकणाच्या बादलीत साठवून त्यात स्टील वूल टाकलं की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. तो गाळ आणि उरलेलं पाणी दोन्ही शहरात जाल तेव्हा घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.

स्पायरलवर अडकणारी फिल्म

नव्याने धुणाऱ्यांचे रोल रसायनांत कमी आणि चेंजिंग बॅगमध्ये (बाह्यांतून हात घालायच्या उजेडबंद पिशवीत) जास्त वाया जातात. फिल्म गुंडाळून टँकमध्ये ठेवायच्या प्लॅस्टिकच्या स्पायरलमध्ये दोन बारीक गोळ्या असतात. दोन्ही बाजू आळीपाळीने पुढेमागे फिरवल्या की त्या फिल्मला आत ओढतात. स्पायरल जरासा ओला असेल तर फिल्मचं जिलेटिन खोबणीला चिकटतं आणि विसाव्या फ्रेमच्या आसपास सगळं थांबतं. जोर लावला की फिल्म खोबणीतून निसटून शेजारच्या वळणावर बसते. तिथे दोन थर एकमेकांना चिकटले, की धुतल्यावर त्या जागी रसायन न पोचलेला गढूळ पट्टा दिसतो.

दमट हवेत बॅगेच्या आत हातांना घाम सुटतो आणि पाच मिनिटांत आतली हवा वाफेसारखी होते. अडकलं तर ओढाताण करू नका. फिल्म तशीच टँकमध्ये ठेवा, मधली नळी घालून झाकण लावा, हात बाहेर काढा. हात आणि बॅग कोरडी होऊ द्या, मग पुन्हा बसा. फिल्मचे पुढचे दोन कोपरे आधीच कात्रीने जरासे तिरके कापले तर निम्म्या वेळा ही पाळी येत नाही. स्पायरल दोन विकत घ्या. एक आज वापरलेला वाळत असताना दुसरा ठणठणीत कोरडा हाताशी असतो.

तापमानाचंही भान ठेवा. खोलीचं पाणी २४ अंश असेल तर १३ मिनिटांचे साधारण ९ होतात. पाच मिनिटांच्या खाली वेळ गेला की डेव्हलपिंग असमान होतं, तेव्हा द्रावण आणखी पातळ करा. डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात मोठा फरक पडू देऊ नका. गरम डेव्हलपरमधून थेट झऱ्याच्या गार पाण्यात गेलेल्या फिल्मचं जिलेटिन सुरकुततं आणि आकाशाच्या भागात भेगाळलेल्या चिखलासारखी नक्षी दिसते.

रंगीत फिल्म

इथे सल्ला सरळ आहे: मुख्य माध्यम म्हणून धरू नका. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद लागतो आणि त्यात पाव अंशाचीही ढिलाई चालत नाही असं उत्पादकच सांगतात. व्यवहारात थोडी चालते, पण एक-दोन अंश घसरलं की सावल्यांत एक रंग आणि उजेडात दुसराच रंग चढतो. स्कॅन करताना तो निघता निघत नाही. सोलरच्या विजेवर पाणी तापवत ठेवणं हा सगळ्यात महागडा उद्योग. टबमध्ये गरम पाणी भरून त्यात बाटल्या बुडवून भागतं, पण कालवलेला रंगीत डेव्हलपर काही आठवडेच टिकतो. म्हणून दहा-बारा रोल साठवून, एकदाच कालवून, दोन दिवसांत उरकायचे.

एका प्रयोगशाळेवर विसंबण्याचा शेवट काय होतो हे कोडॅकच्या कोडॅक्रोम या रंगीत फिल्मने दाखवून दिलं आहे. २००९ मध्ये ती फिल्म बंद झाली आणि ती धुणारी जगातली शेवटची लॅब डिसेंबर २०१० अखेरपर्यंत रोल घेत होती. त्यानंतर कपाटात राहिलेल्या रोलमधले रंग मूळ पद्धतीने निघण्याची वाट संपली. सी-४१ ची स्थिती आज तशी नाही, पण जे घरी धुता येतं त्याचं स्थैर्य वेगळं असतं.

डिजिटल: कॅमेरा जेवतो चिमूटभर

डिजिटलला वीज फार लागते ही समजूत अर्धवट आहे. कॅमेऱ्याची बॅटरी १४ ते १६ वॉट-तासांची असते. निकॉन डी८५० सारखा आरशाचा डीएसएलआर प्रमाणित चाचणीत तेवढ्यावर १८४० फोटो काढतो. सोनी ए७-४ सारखा बिनआरशाचा मिररलेस व्ह्यूफाइंडर वापरून ५२० च्या आसपास, कारण त्यात डोळ्यासमोरचा पडदा सतत जळत असतो. आडजागी एक पिढी जुना डीएसएलआर याच कारणासाठी शहाणपणाचा ठरतो, मग त्याची फॅशन गेली असली तरी.

खादाड असतो तो लॅपटॉप. त्याची एक पूर्ण चार्जिंग ५० ते ७० वॉट-तास खाते आणि रॉ फाइली (सेन्सरची कच्ची नोंद) उघडून काम करताना ती दोन-अडीच तासांत संपते. २० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात प्रत्यक्ष १२ ते १५ वॉट देतं. चार तासांचं ऊन धरलं तर ५० ते ६० वॉट-तास, आणि पॉवरबँकमधून फिरवून घेतलं की त्यातले २०-३० टक्के वाटेतच जातात. म्हणजे त्या पॅनलवर कॅमेरा आरामात चालतो, लॅपटॉप मात्र दिवसाआड अर्धपोटी राहतो. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवरबँकमध्ये छापील हिशेबाने ७४ वॉट-तास असतात, हाती साधारण ६० येतात. ढगाळ आठवड्यासाठी अशा दोन ठेवाव्यात.

उपाय सोपा आहे: संपादन कमी करा. रॉ आणि जेपेग दोन्ही नोंदवा, दाखवायला जेपेग वापरा, रॉ फाइली तशाच जपून ठेवा. नको असलेले फोटो कॅमेऱ्यातच पुसायची सवय मात्र लावू नका. त्यात मागचा पडदा जळत राहतो, आणि हुकून चांगला फोटो पुसला जातो तो वेगळाच.

सॉफ्टवेअरकडेही जाण्याआधी पाहा. भाडेतत्त्वावरचं संपादन सॉफ्टवेअर ठरावीक दिवसांनी इंटरनेटवर परवाना तपासतं, आणि नेटवर्क नसेल तर ऐन वेळी कुलूप घालून बसतं. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतलं की त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

फाइली ठेवायच्या कुठे

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५ ते ३० एमबीची असते. महिन्याला १५०० फोटो म्हणजे ४० जीबीच्या वर, वर्षाला अर्धा टीबी. साठवायला हे काहीच नाही. क्लाउडवर चढवायला मात्र फार आहे. एक एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर एक फाइल चढायला चार मिनिटं लागतात आणि ६४ जीबीचं भरलेलं कार्ड चढायला सलग सहा दिवस. क्लाउड बॅकअप हा शब्द इथे विसरायचा.

त्याऐवजी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे सहा महिन्यांनी शहरातल्या विश्वासू माणसाकडे टपालाने पाठवलेली डिस्क. तो ती डिस्क ठेवतो आणि जुनी परत पाठवतो, अशी अदलाबदल चालते. दोन प्रती झाल्याची खात्री पटेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, मग कार्ड भरलं तर दुसरं घाला. कार्ड फिल्मच्या तुलनेत कवडीमोल आहे आणि न पुसता नुसतं जपून ठेवलं तरी ती एक प्रतच असते.

डोंगरावर राहणाऱ्यांसाठी एक बारकावा: बहुतेक साध्या हार्ड डिस्क समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटरपर्यंतच चालवण्यासाठी असतात. त्यातलं वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि हवा विरळ झाली की ते तबकडीला घासण्याचा धोका वाढतो. त्या उंचीवर एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) वापरा. पण एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडू देऊ नका, त्यातला विदा हळूहळू विरतो. दर काही महिन्यांनी जोडून फाइली उघडून पाहा.

निगेटिव्हचं उलट असतं. त्याची मूळ प्रत एकच. आग, पूर, वाळवी यांपैकी काहीही आलं की संपलं. पण वीज, केबल, सॉफ्टवेअर काही नसताना ती खिडकीच्या उजेडात धरून पाहता येते. ॲसिटेट बेसवरची फिल्म २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत सुमारे ४० वर्षं सुस्थितीत राहते, मग तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. उष्ण, दमट जागी हा काळ बराच घटतो. निगेटिव्ह जपायच्या तर त्यांचीही डिजिटल प्रत काढावी लागते, आणि ती काढायला मॅक्रो लेन्स लावलेला डिजिटल कॅमेराच सोयीचा. फक्त फिल्म वापरणार म्हणून निघालेल्यांच्या पेटीत शेवटी डिजिटल कॅमेरा असतो तो यामुळे. नाहीतर मग एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र), तीन ट्रे आणि कागद घेऊन डार्करूमच थाटायची. तिला लॅपटॉप लागत नाही, पण खोली लागते.

एका आठवड्याचा हिशेब समोरासमोर ठेवला तर असा:

| | कृष्णधवल फिल्म, २ रोल | डिजिटल, ३५० फोटो |
|---|---|---|
| पाणी | ३.५ ते ४ लिटर | नाही |
| वीज | जवळजवळ शून्य | कॅमेऱ्याला १५ वॉट-तासांच्या आत, लॅपटॉपला १०० ते १५० |
| बाहेरून येणारं | फिल्म, डेव्हलपर, फिक्सर | वर्षाला एखादी डिस्क |
| चूक कळते | रोल धुतल्यावर | त्याच मिनिटाला |
| प्रती | एक | हव्या तितक्या |

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. नवीन मुलखात उजेड वेगळा असतो. बर्फ, वाळू, धुकं, दाट झाडीतला अंधार यांची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले तीन महिने तरी चूक लगेच दिसणारं माध्यम हाताशी असलेलं बरं.

थंडी, ओल आणि धूळ

थंडीत दोन्ही अडतात, वेगवेगळ्या जागी. लिथियम बॅटरी गारठली की अर्ध्यावरच मान टाकते, पण खिशात अंगाच्या उबेत ठेवली की पुन्हा जागी होते. दोन बॅटऱ्या घ्या, एक कॅमेऱ्यात आणि एक आतल्या खिशात, आणि आलटून पालटून वापरा. शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज मात्र करू नका, ती कायमची बिघडते. फिल्म थंडीत ठिसूळ होते. लिव्हर झटक्याने ओढली तर भोकांच्या कडा फाटतात, आणि कोरड्या थंड हवेत स्थिर विजेच्या ठिणगीने निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. लिव्हर सावकाश ओढायची, रोल गुंडाळतानाही घाई नको. जुन्या यांत्रिक शटरमधलं वंगण घट्ट होऊन एक सेकंदासारखे सावकाश वेग रेंगाळतात. ५०० चा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा, वेग बहुधा ठीक चालतो.

बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीत घालून आणा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. दव पिशवीवर बसतं, लेन्सच्या आत नाही. फ्रीजरमधून काढलेल्या फिल्मलाही हाच नियम: डबी न उघडता दीड-दोन तास.

ओल हा लेन्सचा शत्रू, मग कॅमेरा कोणताही असो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर रेंगाळली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती लेपात रुतली की पुसूनही जात नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. चामड्याची केस डब्यात ठेवू नका, बुरशी तिच्यातूनच सुरू होते. भरलेला न धुतलेला रोलही ओलीत ठेवू नये. पॅन एफ प्लससारख्या सावकाश फिल्मवर सुप्त प्रतिमा (धुण्याआधीचं न दिसणारं चित्र) लवकर विरते, तीन महिन्यांत धुवा असं उत्पादक सांगतो.

धुळीत फिल्मची एक जमेची बाजू आहे: दर फ्रेमला नवा, स्वच्छ पृष्ठभाग. पण कॅसेटच्या मखमली फटीत एक वाळूचा कण बसला तर रोलच्या पूर्ण लांबीवर सरळ रेघ ओढली जाते. निगेटिव्हवर अशी लांबलचक समांतर रेघ दिसली की कॅसेट आणि मागची दाबपट्टी तपासा. डिजिटलमध्ये कण सेन्सरवर बसतो आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) आकाशाचा फोकस हलवलेला फोटो काढा. फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका सेन्सरकडे समोरून पाहिल्यास खाली डावीकडे असतो, कारण प्रतिमा उलटी पडते. बॅटरी पूर्ण चार्ज करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी फुंकणीने हवा मारा. दाबाच्या डब्यातली हवा वापरू नका, तिच्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

बिघडलं तर

यांत्रिक फिल्म कॅमेऱ्याची खरी ताकद इथे दिसते. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांचं शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त उजेडमापकाला लागते. के१००० ला मापक बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावलं की तो झोपतो. झाकण विसरलात तर बटण-सेल काही आठवड्यांत रिकामा. कॅनन एई-१ मात्र बॅटरी गेली की शटरच दाबत नाही. फिल्म कॅमेरा निवडताना हा फरक विचारून घ्या, दोन्ही जुने दिसतात म्हणून सारखे नसतात. मापक मेला तरी उन्हाचा नियम आहे: ४०० आयएसओ फिल्मला ५०० चा वेग आणि स्वच्छ उन्हात एफ/१६, बर्फावर किंवा वाळूत एफ/२२, ढगाळ हवेत एफ/८, सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४.

घेतानाच मागच्या झाकणाच्या कडेचा फोम बोटाने दाबून पाहा. तो चिकट डांबरासारखा झाला असेल तर फ्रेमच्या कडेला उजेडाचे पट्टे येणार. स्पिरिटने खरवडून नवी चिकट फोमपट्टी लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि घरी होतं. डिजिटल कॅमेऱ्यात घरी होणारं काम सेन्सर फुंकण्यापुरतंच. बाकी सर्व्हिस सेंटर, म्हणजे कॅमेरा काही आठवडे हातात नाही. त्याला इलाज एकच, त्याच माउंटची (लेन्स बसवायच्या कड्याची) दुसरी जुनी बॉडी.

काय टिपणार आहात?

पक्षी आणि प्राणी असतील तर चर्चाच नको, डिजिटल. एका उडत्या क्षणासाठी तीस फ्रेम जातात, तो एक रोल झाला.

रात्रीचं आकाश ही दुर्गम जागेची मोठी देणगी, आणि तिथेही बिंदूसारखे तारे हवेत तर डिजिटलच. २४ मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ ते २० सेकंद. फिल्म लांब एक्स्पोजरमध्ये सुस्तावते. एचपी५ प्लसवर मापकाने ३० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात ८५ च्या आसपास द्यावे लागतात, तोवर तारे रेघा झालेले असतात. पण रेघाच हव्या असतील तर खेळ उलटतो. यांत्रिक कॅमेरा ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं), केबल रिलीजचा स्क्रू आवळून, तासभर उघडा ठेवा. ना बॅटरी संपते ना सेन्सर तापून ठिपके येतात.

निसर्गदृश्यं, घरं, माणसं, बदलते ऋतू यांत दोन्ही सारखेच पात्र आहेत. फरक एवढाच की कलर निगेटिव्ह आणि कृष्णधवल फिल्म जास्त उजेड सहन करते, डिजिटल कमी. फिल्मला सावलीवर मोजा, डिजिटलला उजेडावर.

मग घ्यायचं काय

रंग हवे असतील, किंवा फोटो दूरच्या कोणाला लवकर दाखवायचे असतील, तर डिजिटल घ्या. जुना डीएसएलआर, चार बॅटऱ्या, दोन डिस्क, आणि वीज तुटपुंजी असेल तर ४० ते ६० वॉटचं पॅनल. कृष्णधवल आवडतं, पाणी दिवसाला बादलीभर तरी सुटतं, एक कोपरा पूर्ण अंधारा करता येतो आणि महिनाभर फोटो न पाहता चैन पडते, अशा माणसाने फिल्म घ्यावी. वीज अजिबात नसेल तर फिल्मच, पण मग स्कॅनचा विचार शहरभेटीवर ढकला. दोन्ही न्यायचे असतील तर एकाच माउंटचे घ्या, निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स वरच्या श्रेणीच्या डीएसएलआरवर मापकासकट चालतात. साध्या बॉडींवर मापक चालत नाही.

निघण्याआधी पंधरा दिवस घरीच तालीम करा. फिल्मवाल्यांनी पाच रोल फक्त दहा लिटर पाण्यात धुऊन पाहावेत, नळाला हात न लावता. डिजिटलवाल्यांनी भिंतीचं सॉकेट बंद करून फक्त पॅनल आणि पॉवरबँकवर पंधरवडा काढावा. कोणत्या दिवशी काय संपलं ते वहीत टिपा आणि सामानाची यादी त्या वहीवरून करा.